अक्का, तुझ्या मशीनमधला कचरा

अक्का, तुझं मशीन माझ्याकडे येऊन आठवडा झाला. राजश्रीनं टेबल घरीच ठेवलं आणि मशीनचं नुसतं डोकं तुझ्या जुन्या इरकलीत गुंडाळून रिक्षातून आणलं. "मावशी, लई जड चालतंय, सारखा दोरा तुटतोय. उघडून साफ करून द्या की. आता मीच बसणार हाय त्याच्यावर," म्हणाली आणि चहासुद्धा न घेता गेली. लेक तुझीच. तुला मूठमाती देऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि दुसरी कामं काढायची. डबे घासले, माळा झाडला, खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या. नवरा म्हणाला, "सगळ्या घराची सफाई झाली, तेवढं मशीन सोडून." त्याच्यावर मी ओरडले. तुला माहीत आहे, कुणी खरं बोललं की मला लागतं आणि लागलं की मी ओरडते.

मला त्या मशीनची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. चार वर्षं तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. तुझ्या घरी येताना रिक्षात दर वेळी मनाशी ठरवायचे, आज सांगायचंच. मग तू शेंगाची चटणी पुढे करायचीस, मी भाकरी मोडायचे, आणि उठायची वेळ व्हायची. आता लिहिते आहे. समोर बसून सांगायची सोय मीच घालवली.

आपली ओळखच मुळात कचऱ्यावरून झाली, आठवतं? लग्न होऊन मी सांगोल्याकडून सोलापुरात आले आणि वर्षाच्या आत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या युनिटात लागले. चौदा मशीनची लाईन. तुझ्या शेजारची जागा मला मिळाली, कारण तुझ्या शेजारी कुणी टिकत नव्हतं. पहिल्या दिवशी सुट्टीची वेळ झाली तशी मी पिशवी उचलली, तर तू माझा पदर धरून खाली बसवलंस. "दिवसभर खाल्लेलं त्येनं. तोंड कोण पुसणार त्येचं? तुझी सासू?"

मी म्हणाले, मला धुळीचं काही नवीन नाही, आमच्यात मेंढरं कातरतात, लोकर नाकातोंडात जाते. तू हसली नाहीस. सुई वर, दाब वर, बटण बंद. दोन स्क्रू काढून सुईखालची पट्टी उचललीस आणि मला आत वाकून बघायला लावलंस. कापड पुढे ओढणारे दाते असतात ना, त्यांच्या फटींत निळा मऊ कचरा ठासून बसला होता. दोऱ्याचे बारीक तंतू, कापडाची लव, वर तेलाचा ओलावा. तू रंगकामाचा अर्ध्या इंचाचा ब्रश घेतलास, फटींसाठी केरसुणीची एक काडी घेतलीस, आणि बाहेरच्या बाजूला ओढत ओढत सगळं काढलंस. मग तेलाचा एकच थेंब, आणि पांढऱ्या चिंधीवर टीप मारून बघायची, चिंधी कोरी येईपर्यंत. दहा मिनिटं लागली. माझी रिक्षा गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी मी तुझ्यावर चिडले आणि चौथ्या दिवशी तू माझ्यासाठी रिक्षावाल्याला थांबवून ठेवायला लागलीस.

आणि तो पहिला दसरा. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापलं मशीन पुजायचं होतं. तू तुझं मशीन लख्ख केलंस आणि त्याच्या कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढलीस, बस, संपली पूजा. मला ते कसंतरीच वाटलं. आमच्या घरी बिरोबाला भंडारा उधळतात, मुठीनं. मी माहेरून आणलेली पुडी सोडली आणि माझ्या मशीनवर मनसोक्त भंडारा उधळला. पट्टीवर, दात्यांवर, सगळीकडे. लई प्रसन्न वाटलं. दसऱ्यानंतर कामाला पहिलाच गठ्ठा आला तो पांढऱ्या शर्टांचा. हळद आत शटलपर्यंत गेली होती. मी सात शर्टांच्या टिपा मारल्या आणि सातही शर्टांच्या शिवणीला पिवळी रेघ.

शेठ आले. नोकरी जाणार, घरी सासू काय म्हणेल, हेच डोक्यात. मी तोंड उघडायच्या आत तू उठलीस. "माज्याकडनं झालं, शेठ. तिच्या मशीनची पूजा मीच केली. नवी पोरगी हाय, तिला काय ठावं." शेठ तुला काय बोलणार? दोन शब्द बोलले आणि गेले. मी रडायला लागले तर तुझ्या कानडीत म्हणालीस, "साकु गं, साकु. पुरे झालं. पुढच्या वर्षी भंडारा कपाळाला लाव, मशीनच्या पोटात नको." सात शर्टांच्या टिपा उसवून तू आणि मी ते धुतले. त्या दिवसापासून तुला मी मनापासून अक्का म्हणायला लागले. आधी सगळ्या म्हणायच्या म्हणून म्हणत होते.

हे सगळं मी का लिहिते आहे, ते तुला कळलंच असेल. तू माझ्यासाठी काय केलंस हे माझ्या लक्षात होतं. पुढे मी जे केलं ते विसरून केलं नाही.

पंधरा वर्षांनी मला लाईनची सुपरवायझर केलं. तुला करायला हवं होतं, पण तुला लिहायचं-वाचायचं फारसं जमत नव्हतं आणि तूच म्हणालीस, "तू हो. मला आपलं मशीन बरं." मी झाले, आणि दोन महिन्यांत आपलं भांडण सुरू झालं. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, उन्हानं पत्रा तापलेला, माल वेळेवर जायला हवा, आणि चौदा बाया रोज दहा मिनिटं ब्रश घेऊन बसलेल्या. मी शेठना सांगून हवेचा पाइप आणवला. कॉम्प्रेसर लावायचा, पाइप धरायचा, फुस्स केलं की मशीन मोकळं. चौदा मशीन पाच मिनिटांत. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला होता की घरी जाऊन नवऱ्याला हातवारे करून दाखवलं.

तू पाइपाला हातसुद्धा लावला नाहीस. "नोड की, बघ की," म्हणालीस, आणि माझा हात धरून शेजारच्या टेबलावर फिरवलास. हाताला तेलकट काळी लव लागली. "हे गेलं कुटं? गेलं का? पद्माच्या टेबलावर गेलं. पद्माच्या नाकात गेलं. थोडं आणिक आत गेलं. ब्रशनं भाईर येतं गं, ह्येनं नुसतं उडतं." मी म्हणाले, अक्का, काळ बदलला. तू म्हणालीस, मग कचरा बी बदलला का? सगळ्या हसल्या. मी सुपरवायझर होते आणि सगळ्या हसल्या, ते मला सहन झालं नाही. मी सांगितलं, यापुढे लाईनवर ब्रश चालणार नाही. तरी तू रोज सगळ्या गेल्यावर मागे थांबून ब्रश मारत राहिलीस. एकच अट घातलीस: पाइप चालवायचा तर आधी माल झाकून ठेवायचा. मी हो म्हणाले.

तो शनिवार होता. तुम्ही सगळ्या मागच्या पत्र्याखाली जेवायला बसला होता. पद्माचं ओव्हरलॉक अडकत होतं म्हणून मी घाईघाईनं पाइप घेतला आणि त्याच्या पोटात हवा मारली. ओव्हरलॉकमध्ये कापडाच्या कडा कातरल्या जातात, त्याच्यात सगळ्यात जास्त कचरा, आणि सगळ्यात तेलकट. तो ढगासारखा उठला आणि तुझ्या मशीनशेजारी रचलेल्या पांढऱ्या शर्टांवर बसला. मी झाकलं नव्हतं. मी बघितलं, अक्का. हातानं झटकलं, वरवर गेलं असं वाटलं, आणि जेवायला आले. तुझ्याच डब्यातली मेथीची भाजी खाल्ली मी त्या दिवशी.

दुपारी इस्त्री फिरली आणि बारीक काळे डाग पक्के झाले. शेठ आले. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तुझ्या मशीनचा नंबर होता. "अक्का, एवढी वर्षं झाली, मशीन साफ ठेवायला आता आम्ही सांगायचं का? वय झालं म्हणून किती सांभाळून घ्यायचं?" सगळ्या लाईनीसमोर. मशीनं थांबली होती, पंख्यांचा तेवढा आवाज. तू शेठकडे बघितलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस.

मी चिठ्ठी वाचत होते. तीन ओळींची चिठ्ठी मी कितीतरी वेळ वाचली. बोलले असते तर पाइप गेला असता, सुपरवायझरकी गेली असती, आणि तू बरोबर होतीस हे चौदा जणींसमोर कबूल करावं लागलं असतं. खरं सांगते, तिसऱ्याचीच भीती सगळ्यात मोठी होती.

तू म्हणालीस, "व्हय शेठ. बघते." आणि खाली बसलीस.

डागांवर पावडर चोळून ते शर्ट तू दोन दिवस धूत होतीस. पुढच्या महिन्यात गुडघे दुखतात म्हणून काम सोडलंस आणि घरी एक मशीन घेऊन बसलीस. गुडघे तुझे खरंच दुखत होते. त्यामुळे मला ते मानायला सोपं गेलं. शेठना सांगून मी तुझ्याकडे काम पाठवायला लागले, वाटलं, तेवढीच फेड. निळ्या चड्ड्या, मरून स्कर्ट, खाकी पँटी तू घ्यायचीस. पांढरे शर्ट मात्र जसेच्या तसे परत. "निळं असंल तर दे, सुमन. पांढरं नको." मी समजले, तुझी नजर गेली, पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नसेल. मी तुला चष्मा बदलून घ्यायलासुद्धा सांगितलं. तू "व्हय, बघते" म्हणालीस.

मग तुला दम लागायला लागला. दवाखान्यात होतीस त्या पाच दिवसांत मी दोनदा आले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की चला, त्या उडालेल्या कचऱ्यामुळे नाही. तू तिथे नाकात नळी घालून पडली होतीस आणि मी माझी सुटका शोधत होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा तू जागी होतीस, बोलता येत होतं, राजश्री औषधं आणायला खाली गेली होती. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुझे पाय दाबत बसले.

तुझं मशीन घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शेवटी ते उघडलं. स्क्रू घट्ट बसले होते, गंज धरल्यासारखे. पट्टी उचलली आणि हातातला ब्रश खाली ठेवला. तुझ्या मशीनमध्ये, अक्का. दाते दिसतच नव्हते. कचरा दाबून दाबून घोंगडीसारखा झाला होता. मी चिमट्यानं एक कोपरा धरला तर अख्खा थर उचलून आला, बोटभर जाड. उजेडात धरला. त्यात रंगांचे पदर होते. खाली बाटलीसारखा हिरवा, त्यावर मरून, मग निळा, मग खाकी, पुन्हा निळा, आणि सगळ्यात वर थोडासा गुलाबी. गुलाबी मी ओळखला, राजश्रीच्या मुलीचा झंपर. तुझ्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत काय काय शिवलंस ते सगळं त्यात होतं. पांढरं नव्हतं. दोऱ्याएवढंसुद्धा नव्हतं. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या बाईच्या मशीनमध्ये पांढरं नाही.

मी तो थर कागदात गुंडाळला आणि तशीच राजश्रीकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी विचारलं, आईला दिसत नव्हतं का गं? ती म्हणाली, "शेवटी शेवटी स्क्रू दिसत नव्हता तिला. मी साफ करते म्हटलं तर हात लावू द्यायची न्हाय."

"आणि पांढरं घ्यायची नाही ती, ते नजरेमुळेच ना?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "नजर चांगली हुती तवापासनं घेत न्हवती. म्हणायची, माज्या मशीननं मला दगा दिला. कसा दिला ते कळंना तिला. पहिली दोन वर्षं ह्ये घरचं मशीन दिवसातनं तीन-तीनदा उघडून बघायची. मी म्हणायची, आई, तुझी चूक न्हवती, कुणाचं तरी काय तरी झालं आसंल. तर म्हणायची, सुमन तितं हुती की. माजं मशीन साफ असतं तर सुमन बोलली असती."

मी तिला सांगितलं. उंबऱ्यापाशी उभी राहून, पाइपापासून मेथीच्या भाजीपर्यंत सगळं. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते, शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, मावशी? जिथं गप बसलात तिथं जाऊन बोला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी लाईन थांबवली. शेठना आधी केबिनमधून बोलावून आणलं. त्या शनिवारच्या बायांपैकी नऊ जणी अजून आहेत. पंख्यांच्या आवाजात मी सगळं सांगितलं. शेठ "एवढ्या जुन्या गोष्टी आता कशाला," म्हणाले आणि मान खाली घालून गेले. मग पद्मानं डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"सुमन, हे तू आमाला काय सांगतीस? अक्काचं मशीन घाण आसंल असं आमाला कुणाला वाटलं हुतं का? पाइप तुज्याच हातात असायचा की." बाकीच्या माना हलवत होत्या. एक म्हणाली, "आमी तवाच म्हणलं हुतं, ती न्हवंच." दुसरी म्हणाली, "अक्काला बी ठावंच आसंल म्हणून आमी काय बोललो न्हाय."

मी खाली बसले. कुणाला तरी पटवायचं म्हणून गेले होते, आणि पटवायला कुणी उरलंच नव्हतं. चौदा मशीनच्या त्या लाईनीत ते खोटं एकट्या तुलाच खरं वाटलं, अक्का, कारण त्या दिवशी तू दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे बघितलं होतंस.